इंग्रजी जोडशब्दांचें अनेकवचन व त्याचा उच्चार

एक वृद्ध गृहस्थ वकिलाच्या कचेरींत बसून आपलें मृत्युपत्र इंग्रजींत सांगत आहेत, अशी कल्पना करावी. त्यांना दोन सुना आहेत. घरांतले दागिने दोघींना सारखे मिळावे, अशी त्यांची इच्छा आहे. ते सांगतात, ‘टु माय डॉटर्स-इन-लॉ’. आणि समोर बसलेला कारकून भराभर लिहून घेतो. गृहस्थांच्या तोंडून मधला एक बारीकसा ध्वनि निसटला, अथवा कारकुनाच्या कानानें तो टिपला नाहीं, तर कागदावर उतरतें ‘डॉटर-इन-लॉ’. दोन सुनांची एकच सून होते! ती कोणती, थोरली कीं धाकटी, हा वाद न्यायालयापर्यंत जाण्यास एवढी चूक पुरेशी आहे. शहाणा वकील अशा ठिकाणीं सुनांचीं नांवें घालतो आणि मसुदा मोठ्यानें वाचून दाखवितो, हें खरें. परंतु ही खबरदारी त्याला घ्यावी लागते याचें कारण इंग्रजी भाषेच्या एका चमत्कारिक संवयींत आहे. एक कीं अनेक, हा निर्णय ती कित्येकदां शब्दाच्या शेवटीं न ठेवतां शब्दाच्या पोटांत लपवून ठेवते.

मराठी कानाला हें अपरिचित आहे. मराठींत ‘सून’चें ‘सुना’ होतें, ‘राजवाडा’चें ‘राजवाडे’ होतें. समास कितीही लांब असो, वचनाची खूण शेवटच्या पदावर पडते. इंग्रजींतही बहुतेक जोडशब्दांची रीत हीच आहे. ‘बुकशॉप’चें अनेकवचन ‘बुकशॉप्स’ असें शेवटींच होतें, कारण तेथें मुख्य पद शेवटचें आहे. दुकान हें मुख्य, पुस्तक हें त्याचें विशेषण. परंतु ‘डॉटर-इन-लॉ’ या शब्दांत मुख्य पद पहिलें आहे. कायद्याचें येथें अनेकवचन व्हावयाचें नाहीं, मुलींचें व्हावयाचें आहे. म्हणून ‘सन्स-इन-लॉ’, ‘मदर्स-इन-लॉ’. म्हणून वाटेनें जाणारे ते ‘पासर्स-बाय’, नुसते बघे ते ‘लुकर्स-ऑन’, सरसेनापति ते ‘कमांडर्स-इन-चीफ’, आणि राणीच्या सेवेंतील मानकरी स्त्रिया त्या ‘लेडीज-इन-वेटिंग’. मुख्य पद शोधावें आणि अनेकवचनाची खूण त्यालाच द्यावी, हें या सर्व प्रकरणाचें सार होय.

‘इन-लॉ’ या शेपटाचाही इतिहास आहे. येथील ‘लॉ’ म्हणजे राजाचा कायदा नव्हे. तो ख्रिस्ती धर्मपीठाचा कायदा होय. कोणत्या नात्यांत विवाह निषिद्ध आहे हें तो कायदा ठरवीत असे, आणि विवाहानें जोडलेलीं नातीं या कामीं रक्ताच्या नात्यांसारखीं धरीत असे. भावाची बायको ही रक्तानें बहीण नव्हे, पण त्या कायद्याच्या दृष्टीनें बहिणीच्या जागीं. पूर्वी सावत्र नात्यालाही हेंच शेपूट लावीत. डिकन्स याच्या १८३६-३७ सालच्या ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरींत सॅम वेलर ज्या बाईला ‘मदर-इन-लॉ’ म्हणतो, ती त्याची सासू नसून सावत्र आई आहे. आजचा वाचक तेथें हमखास अडखळतो.

दुसरा एक गट फ्रेंच वळणाचा आहे. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर राजदरबार व न्यायालयें यांत फ्रेंच भाषा शिरली. १३६२ सालीं न्यायालयांतले वाद इंग्रजींत चालवावे असा कायदा झाला, तरी विशेषण नामाच्या मागून ठेवण्याची फ्रेंच रीत कायद्याच्या व राज्यकारभाराच्या भाषेंत टिकून राहिली. ‘कोर्ट-मार्शल’ यांत ‘कोर्ट’ हें नाम व ‘मार्शल’ हें विशेषण, म्हणून ‘कोर्ट्स-मार्शल’. ‘गव्हर्नर-जनरल’ यांतही ‘जनरल’ म्हणजे सेनानी नव्हे. ‘सर्वसाधारण’, ‘सर्वांवरचा’ या अर्थाचें तें विशेषण आहे. १७७३ च्या कायद्यानें हें पद बंगालसाठीं निर्माण झालें व वॉरन हेस्टिंग्ज त्यावर पहिला बसला. १८३३ च्या कायद्यानें तें सर्व हिंदुस्थानचें झालें. आणि चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या कारकीर्दीनंतर १९५० सालीं भारतांतून तें नाहींसें झालें. या सर्वांचा एकत्र उल्लेख करावयाचा तर ‘गव्हर्नर्स-जनरल’ असा करावा लागतो. प्रत्येक राज्याला आजही ‘ॲडव्होकेट-जनरल’ असतो. अनेक राज्यांचे मिळून ते ‘ॲडव्होकेट्स-जनरल’.

मात्र लष्करांतल्या ‘मेजर-जनरल’चें अनेकवचन ‘मेजर-जनरल्स’ असें शेवटीं होतें. एकाच ‘जनरल’ला दोन न्याय कां? कारण मेजर-जनरल हा जनरलचा एक प्रकार आहे, अशी आजची समजूत आहे. तेथें ‘जनरल’ हें नाम झालें. गंमत अशी कीं, मुळांत हा हुद्दा ‘सार्जंट-मेजर-जनरल’ असा होता, व त्यांत ‘जनरल’ विशेषणच होतें. पुढें ‘सार्जंट’ गळला, मागचा इतिहास लोक विसरले, आणि विशेषण नामाच्या गादीवर जाऊन बसलें. यावरून एक धडा घेण्यासारखा आहे. अनेकवचन ठरवितांना भाषा वंशावळ पाहत नाहीं. बोलणाऱ्याच्या मनांत आज जो अर्थ आहे, तो पाहते. ‘गव्हर्नर-जनरल्स’ व ‘कोर्ट-मार्शल्स’ हीं रूपेंही कित्येक कोशांनीं आतां मान्य केलीं आहेत, तीं याच ओघानें.

हें झालें लिहिण्यासंबंधीं. खरी अडचण बोलण्याची आहे. छापील पानावर ‘एस्’ हें अक्षर डोळ्यांना सर्वत्र सारखेंच दिसतें; कानाला मात्र तें तीन वेषांत भेटतें. ज्यांनीं संस्कृत व्याकरणांतलें घोष-अघोष प्रकरण शाळेंत पाठ केलें आहे, त्यांना हे वेष ओळखणें अवघड जाऊं नये. शब्दाच्या अंतीं क्, ट्, प्, फ् यांसारखें अघोष व्यंजन असेल, तर अनेकवचनाचा ध्वनि ‘स्’: जसें ‘कोर्ट्स’. अंतीं स्वर किंवा घोष व्यंजन असेल, तर तोच ध्वनि घोष होतो: ‘सन’चें ‘सन्झ्’, ‘मेड’चें ‘मेड्झ्’, ‘लेडी’चें ‘लेडीझ्’. आणि अंतीं स्, श्, च्, ज् यांसारखा सीत्काराचा ध्वनि असेल, तर मध्यें एक स्वर येऊन ‘इझ्’ होतो. पहिल्या दोन प्रकारांत शब्दाचे अवयव वाढत नाहींत. तिसऱ्यांत एक अवयव वाढतो. अवयव म्हणजे इंग्रजींतला ‘सिलॅबल’, एका स्वराच्या झोक्यांत उच्चारला जाणारा शब्दाचा भाग. ‘जस्टिस ऑफ द पीस’ ही पदवी मुंबईंत एके काळीं मोठ्या प्रतिष्ठेची होती. तिच्यांत अवयव पांच. पण अनेकवचन ‘जस्टिसिझ् ऑफ द पीस’ झालें कीं ते सहा होतात.

येथें ‘झ्’ असें लिहिलें, तें केवळ सोयीसाठीं. मराठी ‘जावई’ या शब्दांतला ‘ज’ त्या ध्वनीच्या जवळचा आहे, परंतु तोही नेमका तो नव्हे. ‘जावई’ म्हणतांना जीभ दातांच्या मुळाशीं क्षणभर टेकते व सुटते. इंग्रजी ध्वनींत ती टेकत नाहीं. ‘स’ म्हणतांना ती असते तेथेंच राहते आणि कंठांतून नाद निघतो. भुंग्याच्या गुंजारवाप्रमाणें तो ध्वनि श्वास पुरेपर्यंत लांबवितां येतो. ‘स’ लांबवावा आणि बोट गळ्याला लावून त्यांत नाद मिसळावा; बोटाला कंप जाणवला कीं ध्वनि साधला.

आतां अवयव पाडण्याचा प्रश्न. लिहितांना ‘डॉटर्स’, ‘इन’, ‘लॉ’ असे तीन तुकडे दिसतात व मध्यें दोन संयोगचिन्हें असतात. यामुळें पुष्कळ विद्यार्थी प्रत्येक चिन्हापाशीं थांबतात, जणूं कांहीं तो स्वल्पविरामच आहे. संयोगचिन्ह हें थांबण्यासाठीं नाहीं, जोडण्यासाठीं आहे. इंग्रज मनुष्य हा शब्द एका दमांत म्हणतो, आणि म्हणतांना अवयव चिन्हापाशीं तुटत नाहींत. पुढें स्वर असला कीं मागचें व्यंजन सरकून त्या स्वराला मिळतें. दक्षिण इंग्लंडांतील सुशिक्षितांच्या तोंडीं ‘डॉटर्स-इन-लॉ’ हा शब्द ‘डॉ-ट-झिन्-लॉ’ असा, चार अवयवांचा ऐकूं येतो. ‘सन्स-इन-लॉ’ होतो ‘सन्-झिन्-लॉ’. ‘कमांडर्स-इन-चीफ’ होतो ‘क-मान्-ड-झिन्-चीफ’. उलट ‘पासर्स-बाय’ या शब्दांत पुढें व्यंजन असल्यामुळें ‘झ्’ मागेंच राहतो: ‘पा-सझ्-बाय’. एकच ध्वनि, पुढें स्वर असला तर पुढच्या अवयवाचा आरंभ करतो, व्यंजन असलें तर मागच्या अवयवाचा शेवट करतो.

मराठी वाचकाला यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. वृत्तांत जोडाक्षरापूर्वीचें अक्षर गुरु कां मानतात? ‘मनुष्य’ हा शब्द लिहितांना ‘म-नु-ष्य’ असा दिसतो, पण म्हणतांना ‘म-नुष्-य’ असा तुटतो. ‘ष्’ मागच्या अक्षरावर आपला भार टाकतो, म्हणून ‘नु’ गुरु. तसेंच ‘घर’ हा शब्द लिहिण्यांत दोन अक्षरांचा, पण उच्चारांत एकाच अवयवाचा आहे. आणि ‘घरांत’ म्हटलें कीं तोच ‘र’ मागचें दार सोडून पुढच्या स्वराशीं मिळतो. इंग्रजी ‘झ्’ हेंच करतो.

याहूनही मौजेची गोष्ट ‘र’ची आहे. दक्षिण इंग्लंडांत शब्दाच्या अंतींचा ‘र’ उच्चारीत नाहींत. ‘डॉटर’ हा नुसता ‘डॉट’ असा, शेवटीं एका अस्फुट अकारावर विरणारा, ऐकूं येतो. परंतु पुढें स्वर आला कीं तो लुप्त झालेला ‘र’ परत प्रकटतो. म्हणून एकवचन ‘डॉ-ट-रिन्-लॉ’. संस्कृत शिकलेल्यांना हा ‘र’ ओळखीचा वाटेल. ‘पुनः पुनः’ म्हणतांना तो दिसत नाहीं. ‘पुनरपि’ म्हणतांच उभा राहतो. ‘अंतःपुर’ यांत तो दडलेला आहे. ‘अंतरात्मा’ यांत तो स्पष्ट आहे. आतां दोन्ही रूपें शेजारीं ठेवावीं. एकवचन ‘डॉ-ट-रिन्-लॉ’, अनेकवचन ‘डॉ-ट-झिन्-लॉ’. अवयव दोन्हींत चार. आघात दोन्हींत पहिल्या अवयवावर. सगळा शब्द तोच; फरक एवढाच कीं जेथें ‘र’ होता तेथें ‘झ’ आला. एक सून कीं दोन सुना, हें त्या एका जागेवर ठरतें. वकिलाच्या कारकुनाचा कान त्या जागीं सावध हवा. अमेरिकेंत व स्कॉटलंडांत मात्र ‘र’ दोन्ही वचनांत कायम राहतो. तेथें अनेकवचन ‘डॉ-टर्-झिन्-लॉ’ असें होतें. मराठी माणसानें ‘र’ उच्चारला म्हणून तो चुकला असें मुळींच नाहीं. त्यानें ‘झ’ गाळला तरच अर्थ बिघडतो.

आघाताचीही थोडी दखल घेणें जरूर आहे. ‘इन-लॉ’ शेपटाच्या शब्दांत मुख्य आघात पहिल्या पदावर असतो. ‘पासर्स-बाय’, ‘लुकर्स-ऑन’, ‘कमांडर्स-इन-चीफ’, ‘कोर्ट्स-मार्शल’ यांत तो उत्तरार्धावर पडतो: ‘बाय’, ‘ऑन’, ‘चीफ’, ‘मार्’ हे अवयव ठळक होतात. त्यामुळें वचन दाखविणारा ध्वनि नेमका दुर्बळ जागीं सांपडतो व घाईंत गिळला जातो.

यापुढचा गोंधळ षष्ठीचा. इंग्रजींत षष्ठीची खूणही तोच ‘एस्’. पण ती नेहमीं अगदीं शेवटीं लागते. ‘सुनेचा’ म्हणावयाचें तर ‘डॉ-ट-रिन्-लॉझ्’. ‘सुना’ म्हणावयाचें तर ‘डॉ-ट-झिन्-लॉ’. आणि ‘सुनांचा’ म्हणावयाचें तर ‘डॉ-ट-झिन्-लॉझ्’. मधला ‘झ’ संख्या सांगतो, शेवटचा ‘झ्’ मालकी सांगतो. तिन्ही रूपांत अवयव चारच. मराठींत हें काम ‘सुनेचा’, ‘सुना’, ‘सुनांचा’ अशीं तीन निरनिराळीं रूपें करतात व कोणी सहसा चुकत नाहीं. इंग्रजींत एकाच ध्वनीच्या दोन जागांवर सर्व भिस्त आहे.

ज्या जोडशब्दांत मुख्य असें नामच नाहीं, त्यांचें अनेकवचन बिनतक्रार शेवटीं होतें. ‘फर्गेट-मी-नॉट’ हें निळें फूल. सारा शब्द म्हणजे एक छोटें वाक्यच. म्हणून ‘फर्गेट-मी-नॉट्स’, आणि अंतीं ‘ट्’ असल्यामुळें ध्वनि अघोष ‘स्’. जत्रेंतल्या फिरत्या घोड्यांचे ‘मेरी-गो-राउंड्झ्’. वयांत आलेल्या माणसांचे ‘ग्रोन-अप्स’. पेटी उघडतांच उडी मारणाऱ्या बाहुल्याचें नांव ‘जॅक-इन-द-बॉक्स’ असें आहे. त्याचें बहुधा ‘जॅक-इन-द-बॉक्सिझ्’ करतात, पण ‘जॅक्स-इन-द-बॉक्स’ हेंही रूप कोशांत सांपडतें. मूळ शब्दाचे अवयव चार. पहिल्या रूपांत ते पांच होतात, दुसऱ्यांत चारच राहतात. खूण कोठें लावावी यावर शब्दाची लांबीही अवलंबून असते, याचें याहून सुबक उदाहरण सांपडणें कठीण.

कांहीं शब्द दोन्ही पदांनीं अनेकवचन घेतात. ‘मॅन-सर्व्हंट’चें ‘मेन-सर्व्हंट्स’, ‘वुमन-सर्व्हंट’चें ‘विमिन-सर्व्हंट्स’. या दुसऱ्या शब्दांत डोळे पुन्हां फसवितात. अक्षर बदलतें तें दुसऱ्या अवयवांत. कानाला मोठा बदल जाणवतो तो पहिल्या अवयवांत, ‘वु’चा ‘वि’ होतो. संक्षेपांची रीत आणखी निराळी. त्यांना मधलें पोटच नसल्यामुळें खूण शेवटीं जाते: अनेक ‘जे. पी.’ ते ‘जे. पीझ्’, अनेक ‘ए. डी. सी.’ ते ‘ए. डी. सीझ्’. घरगुती बोलण्यांत सासरच्या मंडळींना एकगठ्ठा ‘इन-लॉझ्’ म्हणण्याची चाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पडली. तेथें नातें गळालें आणि शेपटालाच अनेकवचन आलें. ‘मदर-इन-लॉझ्’ हें रूपही बोलण्यांत ऐकूं येतें. भाषेचा ओढा शेवटाकडे आहे, हें यावरून दिसतें. पण शिष्ट लेखनांत तें अद्याप चालत नाहीं.

छापखान्याला या शब्दांचा त्रास वेगळ्या तऱ्हेनें होतो. ओळ संपत आली आणि शब्द मावत नसला, तर असा शब्द त्याच्या मूळच्या संयोगचिन्हापाशींच तोडावा, मध्यें नवें चिन्ह घालूं नये, हा सर्वसाधारण शिरस्ता आहे. ‘डॉटर्स-’ एका ओळीवर व ‘इन-लॉ’ दुसरीवर, हें ठीक. ‘डॉट’पाशीं तोडणें अप्रशस्त. साध्या शब्दांच्या बाबतींत इंग्रज व अमेरिकन यांच्यांत जुना मतभेद आहे. इंग्रज मुद्रक शब्दाच्या व्युत्पत्तीकडे पाहत आले. अमेरिकन मुद्रक उच्चाराकडे. अमेरिकेंत हा पायंडा पाडण्यांत नोहा वेब्स्टर याचा मोठा वांटा आहे. १७८३ सालीं निघालेल्या आपल्या अंकलिपीवजा पुस्तकांत त्यानें ‘क्ल-स्टर’ऐवजीं ‘क्लस्-टर’ व ‘हॅ-बिट’ऐवजीं ‘हॅब्-इट’ असे, तोंडाला मानवतील तसे अवयव पाडून दाखविले. त्याच्या देशांतलीं मुलें पिढ्यान् पिढ्या त्यावर वाचावयास शिकलीं.

उच्चाराचा शास्त्रीय कोश होण्यास मात्र विसावें शतक उजाडावें लागलें. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत ध्वनिशास्त्र शिकविणाऱ्या डॅनियल जोन्स यानें १९१७ सालीं आपला इंग्रजी उच्चारकोश प्रसिद्ध केला. पुढें ध्वनिक्षेपण सुरू झालें, तेव्हां प्रश्न अधिकच निकडीचा झाला; कारण श्रोत्याच्या हातांत कागद नसतो. त्याला ना संयोगचिन्ह दिसत, ना ‘एस्’. जें कानांत पडेल तेवढेंच त्याचें. ब्रिटिश ध्वनिक्षेपण संस्थेनें १९२६ सालीं उच्चारांविषयीं सल्ला देणारी एक समिति नेमली आणि तिचें अध्यक्षपद राजकवि रॉबर्ट ब्रिजेस यांना दिलें. त्यांच्या पश्चात् तें बर्नार्ड शॉ यांच्याकडे आलें. एवढ्या थोर माणसांनीं एकेका शब्दावर खल करावा, यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. निवेदकानें गिळलेला एक ध्वनि ऐकणाऱ्या प्रत्येक घरांत चुकीचा अर्थ पोहोंचवितो.

मराठी घरांतल्या विद्यार्थ्याला यांतून थोडें पण पक्कें असें काय घेतां येईल? आधीं मुख्य पद ओळखावें. त्याच्या अंत्य ध्वनीवरून ‘स्’, ‘झ्’ कीं ‘इझ्’ हें ठरवावें. मग सगळा शब्द संयोगचिन्हांपाशीं न अडखळतां एका श्वासांत म्हणावा, आणि मधला ध्वनि पुढच्या स्वरांत मिसळूं द्यावा. साहेबासारखा ‘र’ गाळण्याचा सोस धरूं नये. दुसऱ्याचा उच्चार वेगळा ऐकूं आला म्हणून त्याची थट्टा करूं नये. इंग्लंड, स्कॉटलंड व अमेरिका यांचेच एकमत नाहीं, तेथें पुण्या-मुंबईच्या मुलाला दोष कशाला? ऐकणाऱ्याला एक आणि अनेक यांतला भेद कळला, कीं उच्चाराचें मुख्य काम झालें. भेद कळत नसेल, तर बाकीचा सारा डौल व्यर्थ आहे.

मराठी कुटुंबांत नणंद, जाऊ, वहिनी आणि मेहुणी या चौघी चार निरनिराळ्या मानाच्या. इंग्रजी त्यांना एकाच ‘सिस्टर-इन-लॉ’ या नांवाखालीं बसविते. त्यांचीं अनेकवचनें नणंदा, जावा, मेहुण्या अशीं मराठींत स्पष्ट ऐकूं येतात. ‘वहिनी’चें मात्र ‘वहिनी’च राहतें, आणि एक कीं अनेक हें शेजारच्या क्रियापदावरून समजून घ्यावें लागतें. कोणतीही भाषा सर्व ठिकाणीं सारखी सोयीची नसते; जेथें ती अपुरी पडते तेथें बोलणाऱ्यानें व ऐकणाऱ्यानें अधिक लक्ष पुरवावयाचें असतें. वकिलाच्या कचेरींतल्या त्या वृद्ध गृहस्थांनींही तेंच करावें. सही करण्यापूर्वीं कारकुनाला मसुदा मोठ्यानें वाचावयास सांगावा, आणि ‘डॉट’ व ‘इन’ यांच्या मध्यें तो बारीक ‘झ’ ऐकूं आला, तरच लेखणी उचलावी.